बडोद्यात मित्रांबरोबर जिओकॅशिंगचा मॅरेथॉन दिवस: प्लॅनिंगपासून शेवटच्या लॉगपर्यंत

रविवारी सकाळी फिरता फिरता एक-दोन कॅश (म्हणजे लपवलेल्या डब्या) शोधणं वेगळं आणि पाच-सहा जणांनी मिळून उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत वीस ठिकाणं उरकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुमची नजर किती तेज आहे याला फार किंमत नसते, दिवस खातात ते मधले वेळ: गाडी लावायला जागा शोधा, मग कुणीतरी एटीएममध्ये शिरतं, मग सगळे मिळून "आता कुठे?" करत फोनमध्ये डोकं घालून उभे. एका डब्याला पाच मिनिटं लागली आणि पुढच्या डब्यापर्यंत पोचायला पाऊण तास, असं दोनदा झालं की दुपारी दीडलाच मंडळी "चला घरी" म्हणतात. म्हणून खालचं सगळं प्लॅनिंग या मधल्या वेळावर आहे, डबे कसे शोधायचे ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

ज्यांना हा खेळच नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन: कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतं, तिचे कोऑर्डिनेट्स ॲपवर टाकतं, बाकीच्यांनी फोनच्या जीपीएसवर तिथे पोचून डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख टाकायची आणि होती तशी परत ठेवायची. २ मे २००० ला अमेरिकी सरकारने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली, त्यामुळे साध्या माणसाच्या हातातलं यंत्र एकदम अचूक झालं, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. त्या बादलीत बीन्सचा डबाही होता. आज कॅशमध्ये खायची वस्तू ठेवायला बंदी आहे, कारण मुंग्या, उंदीर, कुत्री सगळ्यांना आपल्याआधी पत्ता लागतो.

आधी ॲपवर काय आहे ते बघा

दोन आठवडे आधी अधिकृत ॲप किंवा अँड्रॉइडवर सी-जिओ उघडून बडोद्याचा नकाशा बघा. फुकट खात्यात काही कॅश दिसतच नाहीत, त्यामुळे ग्रुपमधल्या एकाकडे तरी प्रीमियम असेल तर बरं, एका महिन्यापुरतं घेतलं तरी काम होतं. प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि जागा किती अवघड, दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. मॅरेथॉनला दोन्ही २ च्या आत ठेवा. जागेचे ५ म्हणजे दोर, होडी असलं काहीतरी लागतं, ते वेगळ्या दिवशी करा.

मग कॅशखालचे जुने लॉग, म्हणजे आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी, वाचा, हे लोक करत नाहीत आणि मग उन्हात उभे राहून वैतागतात. शेवटचे दोन-तीन लॉग "सापडलं नाही" असतील तर ती कॅश यादीतून सरळ काढा, बहुतेक डबी गेलेली असते, झाडू मारणाऱ्याने उचलली असेल नाहीतर भिंतच पाडली असेल. शेवटची कधी सापडली तेही बघा. फोटो असतील तर ते बघायचे की नाही हे ग्रुपने आधीच ठरवा, माझं मत विचाराल तर मॅरेथॉनला बघावेत, स्वाभिमान एखाद्या निवांत रविवारी जपता येईल.

एवढं करून दिवसभर पुरतील इतक्या कॅश चालण्याच्या अंतरात मिळतीलच असं नाही. इथे बरेच ग्रुप प्लॅन सोडून देतात. सोडू नका, उरलेली ठिकाणं आपणच बनवा.

घरचे डबे

ग्रुपमधले दोघं "लपवणारे" होतात, आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी पहाटे डबे ठेवतात, कोऑर्डिनेट्स व्हॉट्सॲपवर देतात आणि दिवसभर बाकीच्यांबरोबर गप्प बसून फिरतात (हे गप्प बसणं जमेल असेच दोघं निवडा). हे डबे साइटवर टाकायचे नाहीत, तिथे किमान तीन महिने राहील अशीच कॅश चालते, स्वयंसेवक रिव्ह्यूअर तपासतात, आणि दोन कॅशच्या डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर लागतं. आपला एका दिवसाचा खेळ त्यात बसत नाही, पण १६१ मीटरचा नियम आपणही पाळलेला बरा, नाहीतर एकाच झाडाखाली दोन टीम एकमेकांच्या पायावर पाय देतात.

डबा कसला घ्यायचा यावर थोडं सविस्तर सांगतो कारण शहरात हाच सगळ्यात नाजूक भाग आहे. गर्दीच्या जागी बेवारस वस्तू दिसली की लोक घाबरतात आणि घाबरायलाच पाहिजे. म्हणून डबा पारदर्शक, आतलं सगळं बाहेरून दिसलं पाहिजे. काळी टेप गुंडाळलेला डबा नको, धातूचा नको, वायर, बॅटरी, घड्याळ असलं काहीही आत नको. स्वच्छ धुतलेली औषधाची पारदर्शक बाटली किंवा छोटा प्लॅस्टिकचा टिफिन, आत झिप पाऊचमध्ये कागदाची पट्टी आणि पेन्सिलीचा तुकडा. पेन नको, दमट कागदावर चालत नाही. वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, आणि ती मराठीत नको, गुजराती लिपीत लिहा कारण डबा ज्याच्या हाताला लागणार तो बहुतेक गुजराती वाचणारा आहे: "आ रमतनो डब्बो छे, महेरबानी करीने अहीं ज रहेवा देजो", खाली आपला मोबाईल नंबर.

आणि शक्यतो डबा रस्त्यावर ठेवूच नका, माणसाकडे ठेवा. ओळखीचा पानवाला, झेरॉक्सवाला, किराणावाला, मावशीच्या सोसायटीचा वॉचमन. "काका, आ अमारी गेमनो डब्बो छे, सांजे लई जईशुं" एवढं सांगितलं की काका डबा काउंटरखाली ठेवतात आणि दिवसभर आपल्यापेक्षा जास्त एन्जॉय करतात, शोधायला आलेल्यांना मुद्दाम "मने कंई खबर नथी" म्हणून फिरवतात. त्यांच्यासाठी एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा म्हणजे भलत्यालाच डबा जाणार नाही.

काही ठिकाणी डबा ठेवायचाच नाही, प्रश्न ठेवायचा. तांबेकर वाड्यासारखी संरक्षित वास्तू, कुठलंही देऊळ, मशीद, न्यायमंदिराची (जुन्या कोर्टाची) इमारत, इथे काहीही लपवणं, चिकटवणं, विटेत खुपसणं पूर्ण बंद. जागेवर वाचता येईल असा आकडा विचारा आणि त्यातून पुढच्या ठिकाणाच्या कोऑर्डिनेट्सचे शेवटचे तीन आकडे काढायला लावा. सोबत पडताळा द्या, म्हणजे "तिन्ही आकड्यांची बेरीज १४ आली पाहिजे", नाहीतर एक जण ७ ला १ वाचतो आणि सगळी टीम भलत्याच पोळात (गल्लीत) जाऊन उभी राहते.

आकड्यांचा घोळ

कोऑर्डिनेट्स दोन पद्धतीने लिहितात. गूगल मॅप्स साधारण २२.३०७२ असं दाखवतं, जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं चालतात. बदलायचं सोपं आहे, दशांशानंतरचा भाग गुणिले ६०: ०.३०७२ × ६० = १८.४३२, म्हणजे २२° १८.४३२'. आता कुणी हे २२.१८४३२ म्हणून टाइप केलं तर बाण त्याला साडेतेरा किलोमीटरच्या वर दक्षिणेला नेतो, मकरपुऱ्याच्याही पुढे. म्हणून ग्रुपवर आकडे टाकताना अंशाचं चिन्ह टाका आणि ओपन करून पिन योग्य जागी पडतेय ना हे दुसऱ्या माणसाने बघा.

मिनिटाचा तिसरा दशांश आपल्याकडे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण १.७ मीटर असतो. पण फोन मोकळ्या आकाशाखालीही चार-पाच मीटरपर्यंतच खात्रीचा, तेव्हा लपवणाऱ्यांनी एकाच वाचनावर जाऊ नये. जागेवर फोन एक-दोन मिनिटं स्थिर धरा, आकडा लिहा, वीस पावलं लांब जाऊन परत या, पुन्हा लिहा, असं तीन-चारदा करून मधला घ्या. जुन्या शहरात मांडवीच्या आसपास दोन्ही बाजूंनी उंच घरं आहेत, सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि पिन सरळ दुसऱ्याच्या माजघरात पडते, तिथे आकड्याबरोबर एक ओळीची हिंट द्याच.

नकाशा: तीन गुच्छ, गाडी फक्त दोनदा हलवायची

आता वीस ठिकाणांचा हिशोब. एका ठिकाणाला शोधणं, सही, फोटो मिळून १२ मिनिटं, म्हणजे ४ तास. मधलं चालणं प्रत्येकी ५ मिनिटं धरा, जवळपास पावणेदोन तास होतात. गाडी दोनदा हलवणं पार्किंगसकट एक तास. नाश्ता, जेवण, चहा दोन तास. एकूण पावणेनऊच्या आसपास. सकाळी साडेसहाला सुरू केलं तर दुपारी सव्वातीन, वर उन्हाची विश्रांती आणि गोंधळ धरून संध्याकाळी सहा. आणि हाच हिशोब प्रत्येक ठिकाणी २० मिनिटं रेंगाळलात तर एकदम दोन तास चाळीस मिनिटांनी वाढतो. म्हणून नियम एकच आणि कडक: दहा मिनिटं झाली की सापडलं नाही असं लिहायचं आणि निघायचं. "थांब रे, इथेच असणार" म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो, टाइमकीपर त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजाचा निवडा.

पहिला गुच्छ सयाजीबागेचा, म्हणजे आपली कमाटीबाग. १८७९ ची बाग, सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते त्यामुळे झाडाखाली वाकून बघणारी पाच माणसं कुणाला विचित्र वाटत नाहीत, कुणीतरी व्यायामच करतंय असं समजतात. काळा घोडा या पुतळ्यापाशी जमायचं, फुलांचं घड्याळ, म्युझियमचा बाहेरचा भाग, मग विश्वामित्रीच्या पुलापाशी कीर्ती मंदिर. हे सगळं पायी. झूच्या आत, तिकिटाच्या जागी काही ठेवू नका, वेळेवर उघडलं नाही तर प्लॅन अडकतो.

दुसरा गुच्छ जुनं शहर आणि इथेच खरी मजा. गाडी सुरसागर किंवा दांडिया बाजारच्या बाजूला पार्किंगमध्ये लावून विसरून जायची, कारण लहरीपुऱ्याच्या आत चारचाकी नेणं म्हणजे अर्धा दिवस दान करणं. न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा, तिथून सरळ मांडवी, मांडवीच्या चौकातून चारी दिशांना रस्ते फुटतात: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. टीम दोन असतील तर इथेच फोडा, एक उत्तर-पूर्व करेल, दुसरी दक्षिण, आणि परत मांडवीलाच भेटायचं. जवळच सेंट्रल लायब्ररी आहे, काचेच्या जमिनीच्या मजल्यांची, उघडी असेल तर तिच्यावर एक प्रश्न ठेवाच.

तिसरा गुच्छ संध्याकाळचा, कारेलीबाग किंवा मांजलपूर, जिकडे ग्रुपमधल्या कुणाची सोसायटी असेल तिकडे. चेअरमनला आधी विचारलेलं असलं की अंगणातले घरचे चार-पाच डबे निवांत होतात, लहान मुलंही येऊन मिसळतात, आणि शेवटचा डबा ज्याच्या घरी संपतो तिथे वहिनींनी किंवा काकूंनी चहा टाकलेला असतो. हे शेवटचं आधी फोन करून ठरवा, सहा भुकेले लोक न सांगता उगवले तर पुढच्या वेळी तो गुच्छ रद्द समजायचा.

जिथे जायचंच नाही

विश्वामित्रीचा काठ. पुलावरून बघा, फोटो काढा, पण काठावर उतरायचं नाही, गवतात हात घालायचा नाही आणि तिथे डबा तर मुळीच ठेवायचा नाही. नदीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध, पावसाळ्यात पाणी चढलं की त्या वस्तीतही येतात. ॲपवर एखादी कॅश काठाजवळ दिसली आणि बाण खाली ओढत असेल तरी सोडून द्या. रेल्वे स्टेशन, विमानतळ, कोर्ट, पोलिसांची ऑफिसं आणि लष्कराचा भाग या जागाही यादीत नकोत, ईएमईचं देऊळ कितीही सुंदर असलं तरी तिथे दर्शनाला जा, फोन हातात घेऊन झुडपं तपासायला जाऊ नका.

तारीख

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण उत्तरायणाचे दिवस आणि त्याआधीचा आठवडा दुचाकीवर असाल तर टाळा, रस्त्यावर आडवा आलेला मांजा गळा कापतो. जायचंच असेल तर गळ्याला जाड मफलर आणि हँडलला तारेची कमान. गणपतीत जुन्या शहरात मांडवांमुळे गल्ल्या अर्ध्या होतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्टच्या आसपास पोलीस तपासणी कडक, घरचे डबे तेव्हा नकोत. एप्रिल-मे मध्ये करायचंच तर पहाटे साडेपाच ते दहा आणि मग थेट संध्याकाळी पाच, आणि आकडा वीसवरून बारावर आणा.

माणसं आणि बॅग

चार ते सहा जण ठीक. त्याहून जास्त असतील तर दोन टीम. एकाने नकाशा धरायचा, एकाने वेळ, एकाने लॉग लिहायचे, एकाने बॅग. दुपारनंतर कामं बदला, नकाशावाला थकतो आणि त्याचा फोनही. लॉगवर प्रत्येकाने सही करायची नाही, एक टीमचं नाव ठरवा आणि तेच लिहा, नॅनो, म्हणजे अगदी बारक्या डबीतली पट्टी करंगळीच्या नखाएवढी रुंद असते, तिथे सहा नावं कोंबली तर पुढच्याला जागाच उरत नाही. मात्र टीम त्या जागी हजर असली पाहिजे, अर्धे चहा पितायत आणि अर्धे सही करतायत हे मला तरी मान्य नाही.

बॅगेत: दोन पॉवरबँक आणि दोन प्रकारच्या केबल, दोन पेन एक पेन्सिल, छोटी चिमटी (नॅनोतली पट्टी बाहेर काढायला, नाहीतर टाचणी शोधत बसाल), टॉर्च, जुने हातमोजे, ओले टिश्यू, कोऱ्या लॉगच्या पट्ट्या, एक रिकामी कचऱ्याची पिशवी, ओआरएस, माणशी दोन लिटर पाणी, टोपी. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि सगळ्या ठिकाणांची यादी कागदावरही लिहा. कागद चार्ज करावा लागत नाही.

प्रत्यक्ष शोधताना

पंचवीस-तीस मीटरवर आलात की सगळ्यांनी बाणाकडे बघणं थांबवा. एकच फोन चालू, बाकीचे खिशात. शेवटच्या पाच मीटरमध्ये बाण गरागरा फिरतो, त्याच्यामागे फिरू नका, उभे राहा आणि विचार करा की मी लपवली असती तर कुठे. लोखंडी रेलिंगची आतली बाजू, बाकाच्या खाली, साइनबोर्डच्या मागे चुंबकाने चिकटलेली, झाडाच्या ढोलीत, विटांच्या ढिगात जरा जास्तच नीट ठेवलेली वीट. बघण्याआधी हात घालू नका, विंचू आणि गांधीलमाश्या यांना खेळ समजत नाही. काही उकरायचं नाही, कॅश पुरायला सहसा बंदीच असते, त्यामुळे जमीन खणावीशी वाटली तर तुम्ही चुकीच्या जागी आहात.

लोक बघतायत असं वाटलं तर गुपचूप वागण्याने संशय वाढतो. बाकावर बसा, बुटाची लेस बांधा, ग्रुप फोटो काढा. कुणी विचारलं तर सरळ सांगा आणि ॲप दाखवा. पोलिसांनी हटकलं तर तेच, हसून, नम्रपणे, पूर्ण माहिती द्या, घरचा डबा असेल तर स्वतः उघडून दाखवा आणि "उचला" म्हणाले तर वाद न घालता उचला.

डबी सापडली की ओरडायचं नाही, लपवणाऱ्याची जागा फुटते. सही, तारीख, आतली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची ठेवा, झाकण घट्ट आणि परत अगदी तिथेच, "इथे जास्त चांगली लपेल" असं आपलं डोकं चालवायचं नाही.

खाणं

सकाळी पोटभर नाश्ता करून निघू नका, पहिला गुच्छ झाल्यावर सव्वानवाला गरम सेव-उसळ, तीही कमी तिखट सांगून, कारण तर्री जास्त झाली की पुढचे दोन तास डबे सोडून वेगळंच काहीतरी शोधावं लागतं. दुपारचं जेवण हलकं, ताक भरपूर. थाळीला बसलात तर दिवस तिथेच संपला, गुजराती थाळीवाला आग्रह सोडत नाही आणि आपणही नाही म्हणत नाही. साडेबारा ते अडीच सावलीत काढा, याच वेळात अर्धवट लॉग भरून टाका.

लॉग आणि आवराआवर

ऑनलाइन लॉग त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवशी सातवी कुठली आणि अकरावी कुठली हे कुणालाच आठवत नाही. वेळ वाचवायचा म्हणून सगळीकडे एकच वाक्य चिकटवू नका, डबी ओली होती, पट्टी भरली, झाकण तुटलं हे लिहिलंत तर मालकाला खरंच उपयोग होतो. सापडली नाही तेही लिहा, लाजू नका, पुढच्या ग्रुपचा अर्धा तास वाचतो. उत्तर उघड करणारे फोटो टाकू नका.

घरचे डबे त्याच संध्याकाळी परत गोळा करायचे, आणि हे काम "नंतर बघू" वर ठेवायचं नाही. निघण्याआधी लपवणाऱ्यांनी डब्यांवर नंबर टाकलेले असतात, शेवटच्या चहाला सगळे डबे टेबलावर मांडून नंबर मोजा. एखादा कमी भरला तर दोघांनी लगेच गाडी काढून जायचं, पानवाल्या काकांचं दुकान नऊपर्यंत उघडं असतं, आणि जाताना त्यांच्यासाठी एक पेढ्यांचं पाकीट न्या, पुढच्या वेळी काउंटरखालची जागा लागणारच आहे.